विमानाच्या पोटात ससा नको

पुण्याहून दिल्लीला बदली झाली आणि घरात मांजर आहे. अडचण आहे, पण वाट आहे. अकासा एअरनं १ नोव्हेंबर २०२२ पासून लहान कुत्री-मांजरं प्रवाशासोबत केबिनमध्ये घ्यायला सुरुवात केली. तेव्हा कॅरिअरसकट, म्हणजे प्राणी न्यायच्या पिशवीसकट, ७ किलोची मर्यादा होती. एअर इंडियात ही सोय त्याच्याही आधीपासून आहे. मांजराऐवजी घरात दोन किलोचा ससा असेल तर मात्र फोनवरचं माणूस अडखळतं. नियमांची सगळी आखणी कुत्र्या-मांजराला समोर ठेवून झालेली. ससा त्यात कुठं बसवायचा हे त्यालाही ठाऊक नसतं. मग सल्ला मिळतो, कार्गोनं पाठवा.

सल्ला चांगल्या मनानंच दिलेला असतो, पण सशासाठी त्याहून वाईट वाट नाही. माझं म्हणणं असं की देशांतर्गत विमानानं ससा न्यायचाच तर तो आपल्या माणसाच्या पायाशी, समोरच्या सीटखाली बसून जावा. ते जमत नसेल तर त्यानं उडूच नये. केबिनचं दार त्याच्यासाठी उघडायला हवं आणि त्याच वेळी कार्गोचं बंद करायला हवं. आज आपल्याकडे नेमकं उलट चालू आहे.

लहानपणीच्या गोष्टीतला ससा पाठीवर पान पडलं तरी आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटतो. आपण त्याला भित्रा म्हणतो, पण ज्याला कोल्ह्यापासून घारीपर्यंत सगळेच खातात त्याचं शरीर असंच घडणार. आणि सशाची भीती मनापुरती राहत नाही, ती थेट आतड्यात उतरते. ससा गवत पचवतो ते मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या एका भल्यामोठ्या पिशवीत, जंतूंकरवी आंबवून. हे काम चालू राहायचं तर पोटात सतत काहीतरी तंतुमय पडत राहावं लागतं. घाबरलेल्या सशाच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि आतड्याची हालचाल मंदावते. मग तो खायचा थांबतो. खाणं थांबलं की आतडं आणखी मंदावतं, आत गॅस धरतो, पोट दुखू लागतं आणि दुखणारा ससा गवताकडे पाहतही नाही. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरूनही सुटका नाही. ससे पाळणारे याला ‘स्टॅसिस’ म्हणतात. दहा-बारा तास ससा खात नसेल आणि लेंड्या टाकत नसेल तर ती तातडीची वेळ समजायची. सकाळी बघू म्हणून भागत नाही.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सशाचं नेहमीचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंशांच्या आसपास असतं. त्याला घाम येत नाही आणि कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही धड जमत नाही. श्वास जवळजवळ पूर्णपणे नाकानंच. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः कान आहेत. पंधरा ते वीस अंशांत ससा मजेत असतो, अठ्ठावीस-तिसाच्या पुढे तो धोक्यात येतो.

तिसरी गोष्ट पाठीची, आणि ती सगळ्यांत कमी लोकांना माहीत असते. सशाचा हाडांचा सांगाडा त्याच्या वजनाच्या जेमतेम ७-८ टक्के भरतो. मांजराचा १२-१३ टक्के. हाडं हलकी आणि मागच्या पायांचे स्नायू दांडगे. घट्ट धरलेला ससा घाबरून मागचे पाय झाडतो तेव्हा त्या झटक्यानं त्याच्या स्वतःच्याच कमरेचा मणका मोडू शकतो. असा ससा मागून लुळा पडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा उभा राहत नाही. खाली पडायचीही गरज नसते, चुकीचं धरणं पुरेसं असतं.

आता हे शरीर कार्गोत ठेवून पाहा. एक गैरसमज आधी दूर करायला हवा. विमानाच्या पोटात हवेचा दाब नसतो, तिथं जनावर गुदमरतं, असं बरेच जण समजतात. तसं नाही. प्रवासी विमानात केबिन आणि खालचा कप्पा एकाच दाबाच्या कवचात असतात, आणि जनावरं ठेवायच्या कप्प्यात तापमानाचीही सोय असते. हवेत असतानाचे दोन तास हा खरा प्रश्नच नाही. प्रश्न त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांचा आहे. कार्गोचं जनावर उड्डाणाच्या कितीतरी आधी ताब्यात द्यावं लागतं. ते गोदामात थांबतं, ट्रॉलीवर चढतं, विमानाशेजारी उघड्यावर थांबतं, आणि उतरल्यावर हेच उलट्या क्रमानं होतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. काँक्रीटच्या तळावर, इंजिनांच्या झळांजवळ त्याहून जास्त. तिथं वीस मिनिटांचा उशीर म्हणजे माणसाला घाम आणि सशाला उष्माघात. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रा भुंकत असेल तर सशाच्या लेखी शिकारी दीड हातावर उभा आहे आणि पळायला जागा नाही. आणि विमान उडाल्यावर त्या कप्प्यात कुणी जाऊ शकत नाही. ससा सहसा आवाज करत नाही. दुखत असलं तरी तो बहुतेक वेळा गप्प बसून राहतो. त्याला बघणारं माणूस जवळ नसेल तर त्याला काही होतंय हे कळायची दुसरी सोय नाही.

एप्रिल २०१७ मध्ये सायमन नावाचा कॉन्टिनेंटल जायंट जातीचा ससा लंडनच्या हीथ्रोहून शिकागोच्या ओहेअर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सच्या कार्गोतून गेला. दहा महिन्यांचा, तीन फूट लांब. शिकागोत तो मेला. त्याचं काय झालं यावर पुढे बराच वाद झाला. वाद व्हायचं कारण उघड होतं. शेवटच्या तासांत त्याच्याकडे सलग लक्ष ठेवणारं, त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. एवढा मोठा ससा सीटखाली मावला नसता हे खरं. म्हणूनच मी म्हणतो की देशातल्या देशात जो सीटखाली मावत नाही त्यानं रस्त्यानं जावं.

केबिनमध्ये ससा नेणं ही नवलाची गोष्टही नाही. अमेरिकेत अलास्का एअरलाइन्स कुत्रा, मांजर, घरगुती पक्षी यांच्या बरोबरीनं ससाही घेते. फ्रंटिअर देशांतर्गत मार्गांवर ससा, गिनीपिग आणि हॅमस्टरसुद्धा घेते. कॅनडात वेस्टजेट घेते. सिअ‍ॅटल आणि कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या मराठी घरांमध्ये ससे आहेत. सिअ‍ॅटलचं कुटुंब बे एरियातल्या सॅन होजेला राहायला जाताना त्याला सोबत नेऊ शकतं, पुण्याचं कुटुंब दिल्लीला जाताना नाही. सगळ्याच कंपन्या घेतात असंही नाही. डेल्टाच्या यादीत कुत्रा, मांजर आणि घरगुती पक्षी आहेत, ससा नाही. केबिनमध्ये पक्षी चालतो आणि त्याच्याहून शांत ससा चालत नाही, याला शास्त्राचा आधार नाही. यादी करताना कुणाला तो आठवला नाही, एवढंच.

‘आज ससा घेतलात तर उद्या मोर येईल’ हा आक्षेप हमखास येतो. मोर खरंच आला होता. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्क विमानतळावर एका प्रवाशानं मानसिक आधाराचा प्राणी म्हणून मोर आणला आणि युनायटेडनं तो घेतला नाही. पण त्या गोंधळाचं मूळ कशात होतं ते पाहायला हवं. तिथं आधाराचा प्राणी या नावाखाली फी न भरता, आकाराची अट न पाळता जनावर नेता येई. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं नियम बदलला. ११ जानेवारी २०२१ पासून सेवा-प्राणी म्हणजे प्रशिक्षित कुत्रा, एवढीच व्याख्या उरली. पळवाट बुजली. पण अलास्का आणि फ्रंटिअरमध्ये ससा आजही आहे. फी भरून, ठरलेल्या मापाच्या कॅरिअरमध्ये. ज्या नियमात जातीचं नाव, वजन आणि माप लिहिलेलं असतं, त्यातून मोर येत नाही. लिहिलेलं नसतं तेव्हा काउंटरवरच्या माणसाला रोज नवा निवाडा करावा लागतो.

अ‍ॅलर्जीचा आक्षेप मी हलका मानत नाही. सशाच्या लाळेची आणि कोंड्याची अ‍ॅलर्जी काहींना असते, आणि सोबतच्या वाळल्या गवताची तर त्याहून जास्त जणांना. पण मांजराचीही असते, आणि मांजर आपण घेतोच. त्यावरचा उपायही तोच: एका उड्डाणात प्राण्यांची संख्या मर्यादित, जागा आधी ठरलेली, आणि तक्रार आली तर माणसाला दुसरी सीट. सशाच्या बाबतीत एक अट वाढवावी. सुटं गवत आणू नये. घरी झटकून, भुगा काढून, मूठभर लांब काड्या कॅरिअरच्या आत ठेवाव्यात. दोन तासांच्या प्रवासाला तेवढ्या पुरतात.

वायरींचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. ससा वायर पाहिली की कुरतडतोच. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि जमिनीलगतची काडीसारखी कुठलीही गोष्ट त्याला तोडायची असते. म्हणून विमानात कॅरिअरची चेन एकदाही उघडायची नाही. थोपटायला नाही, मांडीवर घ्यायला नाही, शेजारच्या मुलाला दाखवायला तर नाहीच. जो मालक ही अट मोडेल त्याला त्या कंपनीनं पुन्हा प्राणी आणू देऊ नये. एवढी कडक तरतूद नियमात असावी असं माझं स्पष्ट मत आहे.

वासाचा प्रश्न व्यवस्थित तयारीनं सुटतो. सशाच्या लेंड्या कोरड्या असतात, त्यांना वास जवळजवळ नसतोच. लघवी मात्र उग्र असते. कॅरिअरच्या तळाशी कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारा शोषक पॅड, आणि त्यावर फ्लीसचा, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कापडाचा, जाड तुकडा चारही कडा खाली दुमडून घट्ट बसवलेला. ओल फ्लीसमधून खाली उतरते, वरचा पृष्ठभाग कोरडा राहतो आणि सशाचा पाय घसरत नाही. पॅड उघडा ठेवू नये. ससा तो फाडून आतला जेल गिळू शकतो. नसबंदी न केलेला नर मूत्र उडवतो, त्याला केबिनमध्ये घेऊ नये ही अट रास्त आहे. चार-पाच महिन्यांपासून नराची नसबंदी करता येते आणि त्याच्या स्वभावासाठीही ते बरंच असतं.

कॅरिअरचं माप हा वादाचा नव्हे, मोजपट्टीचा विषय. अलास्काची मऊ कॅरिअरची कमाल मर्यादा १७ × ११ × ९.५ इंच, म्हणजे साधारण ४३ × २८ × २४ सेंटिमीटर. एवढ्यात दोन ते अडीच किलोचा ससा वळू शकतो, अंग पसरून झोपू शकतो. आपल्याकडच्या घरांतले बहुतेक संकरित ससे याच वजनाचे असतात. नेदरलँड ड्वार्फ तर किलोभराचा. चार-पाच किलोचा न्यूझीलंड व्हाइट वजनाच्या मर्यादेत बसतो, पण मापात त्याची दाटी होते. कॅरिअर वरून उघडणारं हवं, कारण समोरच्या दारातून ओढून काढताना पाठीला इजा होते. बाजूंना जाळी तीन ठिकाणी तरी हवी, आणि चेनला आतून टोक लागणार नाही अशी पट्टी. काही ससे चेन दातांनी सरकवतात.

इथं एक मागणी मी आग्रहानं करतो. ससे जोडीनं राहतात, आणि जुळलेली जोडी तोडली तर दोघंही खाणं सोडू शकतात. वेगळे नेले तर पोचल्यावर अंगाचे वास बदललेले असल्यानं ते एकमेकांशी जीवघेणं भांडूही शकतात. म्हणून एका कॅरिअरमध्ये एकाच जातीचे, सारख्या आकाराचे दोन प्राणी चालतील अशी मुभा हवी. अलास्काच्या नियमांत ती आहे. दोन लहान ससे मिळून तीन-साडेतीन किलो आणि दीड किलोचं कॅरिअर, म्हणजे पाच किलोच्या आसपास. सातच्या मर्यादेत सहज बसतं.

संपूर्ण प्रवासातली सगळ्यांत धोक्याची जागा विमानात नाही, ती सुरक्षा तपासणीच्या रांगेत आहे. कॅरिअर एक्स-रेतून रिकामं जातं आणि ससा माणसाच्या हातात धातुशोधक चौकटीतून. मागून ट्रे आदळतात, समोर शिट्टीसारखा आवाज, आजूबाजूला अनोळखी हात. इथंच ससा उसळी मारतो. पळाला तर त्या गर्दीत त्याची अक्षरशः ससेहोलपट होते. चमकदार फरशीवर पाय घसरतात, लोक मागं धावतात, आणि मणका मोडतो तो इथं. उपाय खर्चिक नाही. विमानतळावर झडतीसाठी बंद खोली असतेच. लहान प्राणी असलेल्या प्रवाशाला विचारल्याविना तिथं न्यावं, दार लावावं, मग कॅरिअर उघडावं. सीआयएसएफच्या जवानांना एवढी सूचना लेखी असली की पुरे. मालकानं ससा छातीशी धरावा, एक हात पुढच्या पायांमागे, दुसरा मागच्या भागाखाली, तोंड आपल्या काखेत लपवलेलं. अंधार मिळाला की ससा निवतो. आणि कुणीही, अगदी सवय असलेल्या मालकानंही, त्याला पाठीवर उताणा करू नये. उताणा ससा निपचित पडतो तो शांत झाला म्हणून नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्याचं सोंग घ्यावं तशी ती गोठलेली अवस्था असते.

कागदपत्रांचा घोळही कुत्र्याच्या फॉर्ममुळेच होतो. फॉर्म रेबीजच्या लशीची तारीख मागतो. अमेरिकेत सशासाठी परवाना असलेली रेबीजची लसच नाही. तिथं ससा घेणाऱ्या कंपन्यांचं त्यावाचून अडत नाही. सशाच्या तंदुरुस्तीच्या दाखल्यात वेगळ्या गोष्टी हव्यात: वय चार महिन्यांपेक्षा जास्त, नाकातून स्राव नाही, दात सरळ घासले जातात, लेंड्या गोल आणि कोरड्या, मादी गाभण नाही. सशाचा गर्भकाळ जेमतेम ३१ दिवसांचा, त्यामुळे शेवटची अट कागदापुरती नाही. आणि दाखल्यावर एक शब्द स्पष्ट हवा: ‘पाळीव युरोपीय ससा’. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा प्राणी आहे आणि तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. मराठीत दोघांनाही ससाच म्हणतात. विमानतळावरचा अधिकारी शंका घेतो तेव्हा चूक त्याची नसते.

देशाबाहेरचा प्रवास मी या मागणीतून मुद्दाम वगळला आहे. सशांचा रक्तस्रावी ताप आणणाऱ्या विषाणूचा दुसरा प्रकार २०१० मध्ये फ्रान्समध्ये सापडला आणि २०२० पासून अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या रानसशांत पसरला. तो कपड्यांवरून, गवतावरून, बुटांवरूनही जातो. अशा रोगाच्या काळात सीमा कडक असणं योग्यच आहे. ऑस्ट्रेलिया पाळीव ससा फक्त न्यूझीलंडहून येऊ देते. ब्रिटनमध्ये भारतासारख्या देशातून आलेल्या सशाला चार महिने विलगवासात काढावे लागतात. मेलबर्नला नोकरी लागलेल्या मराठी कुटुंबानं सशासाठी इथंच चांगलं घर शोधावं. त्यात त्याच्यावरचं प्रेम कमी पडत नाही.

देशांतर्गत प्रवासातही मालकाची जबाबदारी विमान कंपनीपेक्षा मोठी आहे. दिवाळीच्या चार दिवसांसाठी ससा विमानानं नेणं हे मला चूक वाटतं. त्याला त्याच्याच कोपऱ्यात ठेवावं आणि सकाळ-संध्याकाळ गवत-पाणी बघायला कुणीतरी यावं. विमान हे बदलीसाठी, घर बदलण्यासाठी. पुणे-बेंगळुरू रस्त्यानं साडेआठशे किलोमीटरच्या आसपास, चौदा तास सहज लागतात. विमानानं हवेतला दीड तास आणि दारापासून दारापर्यंत पाच-सहा. इथं विमानाचं पारडं जड आहे. पुणे-मुंबईला विमानाचा विचारही करू नये. रात्रीच्या वेळी एसी लावलेली गाडी त्याहून कितीतरी बरी.

तयारी निदान महिनाभर आधी सुरू व्हावी. कॅरिअर घरात उघडं ठेवायचं, जेवण त्यातच द्यायचं, मग चेन लावून पाच मिनिटं, मग गाडीतून पंधरा मिनिटं, मग अर्धा तास. ज्या दिवशी चालत्या गाडीत ससा आतलं गवत खाऊ लागेल त्या दिवशी तो प्रवासाला तयार झाला. तीन-चार आठवड्यांत खाल्लंच नाही तर तिकीट काढू नये. हीच खरी चाचणी आहे; दाखल्यापेक्षा मी हिला जास्त मानतो.

प्रवासाआधी कुत्र्याला उपाशी ठेवतात, तोच सल्ला सशालाही दिला जातो. तो ऐकू नये. सशाला उलटीच होत नाही, त्यामुळे उपाशी ठेवून काही मिळत नाही आणि आतडं मात्र थांबतं. निघेपर्यंत गवत समोर हवं. गुंगीचं औषधही नको: त्यानं रक्तदाब उतरतो, अंगाचं तापमान सांभाळता येत नाही, आतडं मंदावतं. आदल्या दिवसापासून कोबी, फ्लॉवरची पानं बंद. याचं कारण केबिनच्या हवेत आहे. उंचावर केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे सीटखालचा ससा कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. तेवढ्या उंचीवर बंदिस्त वायू समुद्रसपाटीच्या मानानं एक तृतीयांशापर्यंत फुगतो. पोटातला गॅसही त्यात आला.

नळीची पाण्याची बाटलीही त्याच कारणानं गळते. आतली हवा फुगून पाणी बाहेर ढकलते, फ्लीस भिजतं, ससा ओल्यात बसतो. बाटली रिकामी न्यावी आणि आत ओल्या कोथिंबिरीची जुडी किंवा भिजवलेली हरळी ठेवावी. पाणीही मिळतं आणि विमान चढता-उतरताना चावत राहिल्यानं कानही मोकळे राहतात. लसूणघास मात्र पूर्ण वाढलेल्या सशाला देऊ नये, त्यात कॅल्शिअम फार.

सीट खिडकीशेजारची घ्यावी. मधल्या वाटेवर ट्रॉलीचे धक्के आणि लोकांचे पाय असतात. पहिली रांग आणि आपत्कालीन दाराची रांग चालत नाही, तिथं समोर सीटच नसते किंवा खाली सामान ठेवू देत नाहीत. कॅरिअरवर पातळ सुती ओढणी अर्धीच टाकावी, एक जाळी उघडी राहील अशी. उन्हाळ्यात पहाटेचं किंवा रात्रीचं विमान. आणि त्याच उड्डाणात कुत्रा किंवा मांजर असेल तर दोघांमध्ये पाच-सहा रांगांचं अंतर. हे प्रवाशानं मागायचं नाही, कंपनीनं जागा देतानाच पाहायचं.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून हवंय ते फार नाही. केबिनमध्ये चालणाऱ्या प्राण्यांत ‘पाळीव ससा’ हे दोन शब्द, कॅरिअरसकट वजनाची तीच मर्यादा, जोडीला मुभा, सशाचा स्वतंत्र दाखला, आणि देशांतर्गत प्रवासी विमानाच्या कार्गोत घरगुती ससा घ्यायला मनाई. मनाई एकदम जमत नसेल तर निदान मार्च ते जून. दुसरी गोष्ट हिशेबाची. अमेरिकेत २००५ पासून विमान कंपन्यांना प्राण्यांचे मृत्यू, इजा आणि हरवणं दरमहा कळवावं लागतं आणि ते जाहीर होतं. आपलं महासंचालनालयही दरमहा वाहतुकीचा अहवाल काढतं. किती उड्डाणं रद्द झाली, किती तक्रारी आल्या, सगळं त्यात असतं. प्राण्यांचा एक रकाना त्यात वाढवला तर केबिन बरी की कार्गो, हा वाद आकड्यांवर होईल.

आणि सशाच्या त्या दाखल्याच्या मागच्या बाजूला काही ओळी मोठ्या अक्षरांत छापाव्यात, कारण नव्या शहरात पहिल्या रात्री मालक ज्या दवाखान्याचं दार ठोठावेल तिथं रोज कुत्री-मांजरंच येत असण्याची शक्यता जास्त. प्रवासाआधी गोचिडांसाठी कुत्र्यावर मारतात तो फिप्रोनिलचा फवारा सशावर मारू नये, तो जिवावर बेततो. अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक तोंडावाटे देऊ नये, आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि मागोमाग ससा. पोचल्यावर आधी गवत, मग पाणी, मग अंधारा शांत कोपरा. उतरल्यापासून लेंड्या मोजायला सुरुवात करावी आणि बारा तासांचं घड्याळ विमानतळावर उतरल्यापासून नव्हे, ससा शेवटचा खाताना दिसला तेव्हापासून लावावं.